नणंदेचं कडवं

वन्सं,

तुमच्या तेराव्याला चहा कमी पडला. आम्ही पन्नास-साठ माणसं धरली होती. अकराच्या सुमाराला मनावरकडून एक टेम्पो आला, गल्लीच्या तोंडाशी थांबला, आणि त्यातून बावीस बायका उतरल्या. डोक्यावरून पदर, पायांत जाड कडी, दोघींच्या कडेवर मुलं. "नरसबई को घर कां हे?" असं विचारत त्या थेट दारात आल्या आणि तुमच्या फोटोसमोर मांडी घालून बसल्या. रडलं कुणीच नाही. एकीनं फोटोकडे निरखून बघितलं, शेजारणीला कोपर मारलं आणि म्हणाली, "अतरी गोरी नी थी."

दुसरी हसली. मग सगळ्याच तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी फोटो नीट बघितला तर खरंच, स्टुडिओवाल्यानं तुम्हाला चांगलंच उजळून टाकलं होतं. आणि वन्सं, तेरा दिवसांत मला पहिल्यांदा रडू फुटलं ते तेव्हा. तुमचा भाऊ पातेलं घेऊन स्वतःच दूध आणायला धावला. पंचाहत्तरीचा माणूस, सोवळं नेसलेला, हातात पातेलं. तुम्ही बघायला हव्या होतात.

हिंदी पेपरात तुमच्यावर चार ओळी छापून आल्या. त्यात तुम्हाला सेवानिवृत्त परिचारिका म्हटलंय, आणि मृदुभाषी. मृदुभाषी! दंडात सुई घालायच्या आधी माणसाला शिव्या घालणाऱ्या तुम्ही. "रडतो काय, घोड्या, तुझ्या बायकोनं तीन पोरं काढलीयेत." माझ्या नातवाला मराठी वाचता येत नाही, पण हे हिंदी, म्हणून त्यानंच ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजी, तू उनको वन्सं क्यों बोलती थी? उनका नाम था क्या?" मी म्हटलं, नाव नाही रे, नातं. नवऱ्याच्या बहिणीला म्हणतात. तो म्हणाला, "अच्छा, ननद!" एवढं सोपं. मला त्याला अजून काहीतरी सांगायचं होतं, पण जमलं नाही. ते इथे सांगते. तुम्हालाच.

मी तुमच्या घरात आले ती तंबोरा घेऊन. देवासची मुलगी म्हणजे तिला गाणं येणारच, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. मला ते खरोखरच येत होतं, आणि येतं याची मला जरा जास्तच जाणीव होती. आठ वर्षं गुरुजींसमोर बसले होते. आणि लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी धारच्या त्या दोन खोल्यांत मला जाग आली ती रेडिओच्या आवाजानं. सिनेमाचं गाणं, तेही पूर्ण मोठ्यानं. स्वयंपाकघरात तुम्ही स्टोव्हवर स्टीलच्या डब्यात काचेच्या सिरिंज उकळत ठेवल्या होत्या आणि समोर पाटावर बसून कापसाचे बोळे करत होतात. बाहेर ओट्यावर गल्लीतली तीन-चार माणसं बाही वर करून तयार. मी विचारलं, "किती वेळ उकळायचं हे?"

"तीन गाणी," तुम्ही म्हणालात. "मधे जाहिरात आली तर अडीच."

मला वाटलं, थट्टा करताय. पण ते खरंच होतं. तुमच्या घरात घड्याळ होतं आणि ते तुमच्या आईच्या औषधाच्या वेळेसाठी होतं. बाकी सगळं गाण्यांवर. भात दोन गाण्यांचा. बसस्टँड एका लांब गाण्याच्या अंतरावर. आणि जुनं गाणं लागलं की तुम्ही सिनेमा सांगायचा नाहीत, गाणाऱ्याचं नावही नाही. म्हणायचात, "हे जुळ्यांचं गाणं." नाहीतर, "हे त्या पाटलाच्या सुनेचं, पायाळू होतं पोर, पण वाचलं." मनावरच्या पुढच्या खेड्यांवर तुमची नोकरी. ट्रान्झिस्टर बॅगेतच असायचा. ज्या घरात जे मूल झालं आणि तेव्हा बाहेरच्या खोलीत जे गाणं लागलेलं होतं, ते त्या मुलाचं. अशी किती गाणी वाटली असतील तुम्ही! त्या माणसांना ते माहीतही नसेल.

मी मात्र नाक मुरडलं. बाविसाव्या वर्षी माणूस जेवढं मुरडतो तेवढं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी म्हणाले, "वन्सं, हे काय संगीत आहे का?"

तुम्ही रागावला नाहीत. बोळा करता करता म्हणालात, "तुझं गाणं बसून ऐकावं लागतं ग सुमन. माझं हात चालू ठेवून ऐकता येतं. मला बसायला वेळ कुठाय?"

सासूबाई आतून हसल्या. मला तेव्हा ते माझं हरणं वाटलं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि पंचेचाळीस वर्षं चाललं. त्यातलं निम्मं तर एका शब्दाचं होतं. त्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्यात 'सांवरी' आहे की 'बावरी'. तुम्ही 'बावरी' म्हणायचात. मी म्हणायची, अर्थच लागत नाही. माझ्या मीनलनं एकदा मोबाइलवर शोधून तुमच्या पुढ्यात धरलं. 'सांवरी'च निघालं. तुम्ही चष्मा लावलात, वाचलंत, चष्मा काढलात. "ज्यानं लिहिलं त्याला काय माहीत? हे लागलं तेव्हा मी ऐकलंय. तो होता का तिथे?" आणि शेवटपर्यंत तुम्ही 'बावरी'च म्हणत राहिलात. आता सांगते, तुमच्याच शब्दानं ते गाणं जास्त चांगलं वाटतं. पण ते चूकच आहे.

रेडिओ ही तुमची सकाळ. तुमची दुपार वेगळी होती. दुपारी तुम्ही खेड्यावरच्या बायकांची गाणी म्हणायचात. ती तुम्हाला कुणी शिकवली नव्हती. बाळंतपण लांबलं की खोलीबाहेर बायका बसून असायच्या आणि मूल झालं, रडलं, की तिथेच गायला सुरुवात. हात रक्तात असताना, नाळ बांधताना तुम्ही ती ऐकलीत. शेवटी त्या तुम्हालाच म्हणायला लावायच्या. रुकमाबाई नावाच्या एका दाईचं नाव तुम्ही फार घ्यायचात. "मला सरकारनं ट्रेनिंग दिलं अठरा महिने. बाकीचं रुकमानं."

त्यांतलं एक गाणं मला आवडायचं. आवडायचं हे मी कबूल करत नव्हते, पण तुम्ही गुणगुणायला लागलात की मी स्वयंपाकघरातून हलायची नाही. नवी बाळंतीण खाटेवर पडलीय. सासू येते, डिंकाचे लाडू आणते. जाऊ येते, शेक द्यायला निखारे आणते. शेजारीण येते, काजळ आणते. आणि शेवटी येते नणंद. ती काहीच आणत नाही, मागायला येते. तेव्हा बाळंतीण तिला म्हणते, खाट घेऊन जा, गाय घेऊन जा, माझा नवराही घेऊन जा. तो तुझाच भाऊ, आणि खातोही फार. फक्त एवढं मूल राहू दे माझ्यापाशी. आणि नणंद म्हणते, मला तुझं काहीच नको ग बाई, एकदा त्याला माझ्या मांडीवर दे, एवढ्याचसाठी मी सात कोस चालत आले.

ते कडवं तुम्ही नेहमी हसत म्हणायचात. नवऱ्याच्या खाण्याशी आलात की डोळे मिचकवायचात. शेवटची ओळ मात्र हळू.

मी किती वेळा तुमच्या मागे लागले, आठवतं? टेपरेकॉर्डर घेऊन आले. "वन्सं, म्हणा ना, भरून ठेवू. तुमच्यामागे कोण म्हणणार?" तुम्ही मटार सोलत होतात. "माझं थोडंच आहे ते? त्या बायकांनी पोरासाठी म्हटलं. इथे पोर नाही, बाळंतीण नाही, आणि मी डब्यासमोर बसून काय म्हणू?" मी चिडले. म्हणाले, हा अडाणीपणा आहे. तुम्ही शेंग माझ्याकडे फेकलीत, "सोल." सोलता सोलता मला गाणं शिकवलंत, तीन दुपारी. भरून मात्र घेऊ दिलं नाहीत.

आणि मग मी ते केलं.

देवासला बिऱ्हाड केल्यापासून मी ज्या शाळेत गाणं शिकवत होते, तिथलं माझ्या निवृत्तीआधीचं शेवटून दुसरं स्नेहसंमेलन. देवासला एवढा मोठा मंडप कधी पडला नव्हता. मी मुलींकडून ते गाणं बसवून घेतलं. बारा मुली, एकसारखी लुगडी, पेटी, तबला, मागे चित्र रंगवलेलं. चालीत जरा सुधारणा केली. दोन ठिकाणी मींड घातली. आणि नणंदेचं कडवं काढून टाकलं. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, पालक असतात, नवरा घेऊन जा वगैरे मुलींच्या तोंडी बरं दिसत नाही. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांनी म्हटलं नसतं तरी मी काढलंच असतं. काजळाशी गाणं छान संपत होतं.

तुम्ही धारहून बस बदलत आला होतात. पहिल्या रांगेत, नव्या सुती साडीत. मी विंगेतून तुमच्याकडेच बघत होते. लाडूंचं कडवं झालं, निखाऱ्यांचं झालं. तुमचा हात मांडीवर ठेका धरत होता. काजळ झालं. मुलींनी हात जोडले, टाळ्या पडल्या. तुमचा हात तसाच वर राहिला, पुढच्या कडव्यासाठी. मग तुम्ही तो खाली घेतलात, पिशवी उचललीत आणि उठून गेलात.

मी मंडपाबाहेर धावत आले. तुम्ही रिक्षावाल्याशी बोलत होतात.

"वन्सं, काय झालं? आवडलं नाही?"

"मुली गोड गायल्या," तुम्ही म्हणालात. "बसस्टँडला जाते. शेवटची गाडी चुकेल."

"पण तुम्ही राहणार होतात ना आज?"

तुम्ही रिक्षात बसलात. मग तोंड बाहेर काढून म्हणालात, "लाडूवाली ठेवलीस, निखारेवाली ठेवलीस. शेजारीणसुद्धा ठेवलीस. नणंदेलाच काढलंस होय ग?"

एवढंच. ओरडला असतात तर मी उलट ओरडले असते. तुम्ही विसाव्या वर्षी विधवा झालात आणि परत आलात. त्याचं कधी काही बोलला नाहीत, म्हणून आम्हीही कधी काही विचारलं नाही. हजारभर मुलं तुमच्या हातांत जन्मली, आणि प्रत्येक घरात तुम्ही बाहेरून आलेली बाई. मूल पुसून, गुंडाळून, एकदा मांडीवर घेऊन परत द्यायचं आणि हात धुवून पुढच्या गावाला. हे सगळं मला त्या रिक्षाकडे बघताना कळलं. तुमच्या तोंडून ते गाणं मी पस्तीस वर्षं ऐकत होते, आणि त्यात तुमची जागा कुठली हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर तुम्ही अकरा महिने देवासला पाऊल ठेवलं नाहीत. फोनवर भावाशी बोलायचात. मी घेतला की "बरी आहेस ना" एवढंच. मी माफी मागायला हवी होती. दर रविवारी ठरवायची. मग वाटायचं, एका कडव्यासाठी काय माफी मागायची, हसतील त्या. मग वाटायचं, हसणार नाहीत, त्याचीच भीती. असं करत राहिलं. शेवटी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून घरी आले तर तुम्ही ओट्यावर पिशवी घेऊन बसलेल्या. "टाके कोण बघणार तुझे? हा बघणार?" असं म्हणून भावाकडे हात केलात. वीस दिवस राहिलात. रोज ड्रेसिंग केलंत, शिव्या घातल्यात, रेडिओ मोठा लावलात. माफीचा विषय तिथेच बुजला. जखम भरली, मला वाटलं सगळंच भरलं.

मग तुमचे कान गेले.

हळूहळू गेले, त्यामुळे आम्हाला कळलं नाही, आणि तुम्ही सांगितलं नाहीत. मी एकदा सकाळी धारला पोचले. गल्लीच्या कोपऱ्यापासूनच खरखर ऐकू येत होती. आत आले तर रेडिओ पूर्ण मोठ्यानं लावलेला, स्टेशन सुटलेलं, नुसती खरखर. आणि तुम्ही त्याच्यासमोर बसून सुपारी कातरत होतात. मान डोलत होती. मला बघून म्हणालात, "ये. आज छान लावलीयेत."

मी पाण्याला जायच्या निमित्तानं रेडिओपाशी गेले आणि काटा जरासा सरकवला. गाणं लागलं. तुमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तुम्हाला ते आधीपासूनच ऐकू येत होतं.

इंदूरला नेऊन यंत्र बसवलं. त्यानं बोलणं कळायचं, पण गाणं नाही. "पत्र्याच्या डब्यात कुणीतरी चमचे ढवळतंय," तुम्ही म्हणालात. डॉक्टरनं दोनदा बदलून दिलं. एक दिवस तुम्ही रेडिओला कापड घातलंत, व्यवस्थित टाचलंत. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही आता मोडणार. मोडला नाहीत. पण बोलणं कमी झालं. भात करपायला लागला.

गेल्या थंडीत तुम्ही स्वतःच म्हणालात, "सुमन, एकदा तिकडे नेतेस? रुकमाच्या गावाला."

ह्यांनी गाडी ठरवली. भिया म्हणून हाक मारणारा तो हसरा ड्रायव्हर, पुढे हे, मागे आपण दोघी. मनावर सोडलं तशा तुम्ही खिडकीला चिकटलात. "इथे नदी उतरून जायची मी, साडी वर खोचून." तिथे आता पूल होता. "इथे आंबा होता." तिथे मोबाइलचा टॉवर. मला भीती वाटायला लागली की गावच मिळणार नाही. मिळालं. रुकमाबाई जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती. पण तिची सून गेंदाबाई अंगणात मिरच्या वाळवत होती. साठी उलटलेली. तिनं गाडीतून तुम्हाला उतरताना पाहिलं, उभी राहिली, आणि जागेवरूनच ओरडली, "नरसबई! तम जिंदा हो?"

तुम्हाला ते ऐकू आलं नाही. मी तुमच्या कानात ओरडले, "विचारतायत, जिवंत आहात का?"

"सांग, अजून आहे म्हणावं," तुम्ही म्हणालात, आणि गेंदाबाईनं तुम्हाला मिठीच मारली, तिखट हातांनी.

तिच्या नातसुनेला पंधरा दिवसांपूर्वी मुलगा झाला होता. मनावरच्या दवाखान्यात. ती पोरगी, विशीचीच असेल, मुलाला कडेवर घेऊन आली. तुम्ही लगेच त्याची टाळू बघितलीत, नाळ सुकली का बघितलीत, "काजळ घालू नका डोळ्यांत," असा दम दिलात. मी गेंदाबाईला विचारलं, मूल झाल्यावर गाणी म्हटलीत का? ती म्हणाली, आता कुठे, बाई. डीजेवाला येतो, तोच वाजवतो. मग मी तिला त्या गाण्याची पहिली ओळ म्हणून दाखवली.

तिनं तोंडावर हात ठेवला. आत जाऊन दोन म्हाताऱ्यांना बोलावून आणलं. चौघी-पाचजणी जमल्या, मिरच्या बाजूला सारल्या, आणि सुरू झाल्या. सासू, लाडू. जाऊ, निखारे. तुम्ही खाटेवर बसून त्यांच्या ओठांकडे आणि टाळ्यांकडे बघत होतात. शेजारीण, काजळ. आणि तिथे त्या थांबल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढचं कुणालाच आठवेना. "बस, अतरोज थो," एक म्हातारी म्हणाली. एवढंच होतं.

मला पुढचं येत होतं. मी तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही टाळ्या थांबलेल्या बघितल्यात, आणि पुढचं कडवं उचललंत.

वन्सं, मी आयुष्यभर सूर शिकवले. तुमचा स्वर त्यांच्या स्वरापासून किती लांब पडला होता ते मी सांगू शकते. तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येत नव्हता. पण लय एवढीसुद्धा हलली नाही. आणि त्या बायकांनी काय केलं? त्यांनी आपला सूर सोडला आणि तुमचा धरला. एक-दोन ओळींत सगळ्या तुमच्यामागे. नवरा घेऊन जा, तो खातोही फार, इथे आल्यावर अंगणात एकच हशा उठला. आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला तुमचा भाऊ, ज्यानं हे कडवं जन्मात कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं, मला म्हणाला, "म्हणजे मला देऊन टाकलं होय?"

"केव्हाच," मी म्हटलं.

त्यांनी तुम्हाला ते कडवं तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्या नातसुनेनं मोबाइल काढला आणि तुमच्याकडे बघून भुवया उंचावल्या, घेऊ का? तुम्ही मान हलवलीत. "घे ग, घे."

गाडीत बसल्यावर मी तुमच्यावरून वाकून यंत्राच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मला तीस वर्षं नाही म्हणालात. तिला एका मिनिटात हो?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी काहीतरी अगदीच बावळट विचारलंय. "तिच्या कडेवर पोर होतं."

थोड्या वेळानं तुमचा डोळा लागतोय असं वाटलं. मी म्हणाले, "वन्सं, त्या संमेलनाच्या वेळी माझं चुकलं."

"काय?"

मी तुमच्या यंत्र नसलेल्या बाजूला बसले होते. परत म्हणायला हवं होतं. मोठ्यानं. पण पुढे ड्रायव्हर होता, हे होते. मी म्हणाले, "काही नाही. पाणी हवंय का?"

"दे," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर तुम्ही चार महिने होतात. मी निदान दहा वेळा धारला आले असेन. शेवटच्या आठवड्यात तर तिथेच होते, तुमच्या पायथ्याशी. तुम्ही शुद्धीवर होतात, सलाईन कसं लावायचं ते नव्या नर्सला शिकवत होतात. बोलायला वेळ भरपूर होता. मी तुमचे केस विंचरले, पाय चेपले, पेपर वाचून दाखवला. ते एक वाक्य काही निघालं नाही. वाटलं, ओरडून माफी कशी मागायची? माफी काय ओरडून मागायची गोष्ट आहे? पण आता वाटतं, ओरडायला हवं होतं. गल्लीनं ऐकलं असतं तरी चाललं असतं.

आणि अजून एक आहे. ते याच्याहून जुनं आहे.

मीनल धारला झाली. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण तुमच्याकडे. सकाळपासून सुरू झालेलं दुपार कलली तरी होईना. डॉक्टरीणबाई दुसऱ्या केसला अडकलेल्या. तुम्ही खोलीचं दार लावून घेतलंत, माझ्या पाठीशी बसलात आणि मला आपल्या छातीशी टेकवून घेतलंत. तुमचे हात माझ्या पोटावर होते. आणि तुम्ही ते गाणं म्हणत होतात. माझ्या कानाशी, अगदी खालच्या पट्टीत. मूल झाल्यावर म्हणायचं गाणं, मूल व्हायच्या आधीच. घाई तुम्हालाच झाली होती. लाडू, निखारे, काजळ, नणंद. संपलं की परत पहिल्यापासून. कळ आली की मी पुढच्या ओळीपर्यंत दम धरायची, मग त्याच्या पुढच्या. गुरुजींनी आठ वर्षं शिकवलेला श्वास मला त्या दुपारी सापडेना. तुमच्या ठेक्यावर मी श्वास घेतला. मीनल आली. तुम्ही तिला पुसलंत, आणि माझ्याकडे द्यायच्या आधी तिला आपल्या मांडीवर घेतलंत. मी अर्ध्या डोळ्यांनी बघत होते. तुम्हाला वाटलं मी ग्लानीत आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही, जरा लाजून, असं तुम्हाला मी त्याआधी आणि त्यानंतर कधीच बघितलं नाही, मला विचारलंत, "काल मी काहीतरी बडबडत होते ना ग? तुला त्रास तर नाही झाला?"

मी तुम्हाला म्हटलं होतं की हे काय संगीत आहे का. आता कुठल्या तोंडानं सांगणार? मी म्हणाले, "मला शुद्ध कुठे होती, वन्सं. मी काही ऐकलंच नाही."

"बरं झालं," असं म्हणून तुम्ही उठून गेलात.

मी ऐकलं होतं. पहिल्या ओळीपासून.